त्याचा बापूस आल्यानंतरची कॅसेट

आमच्या पहिल्या कॅसेटमध्ये सहा गाणी होती आणि सगळी आरडाओरड्याची. मिरजोळ्याला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आम्ही तिघे जमायचो. गाणी लिहिणारा आणि गाणारा माझा वर्गमित्र, मांडवीचा. बेस गिटारवर त्याचा मावसभाऊ, ड्रमवर मी. टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून आम्ही ती कॅसेट भरली आणि कॉपी होत होत ती कॉलेजभर फिरली.

गाणाऱ्याचा बापूस बोटीवर कामाला. तीन वर्षं ना पत्र, ना निरोप. शेवटचं गाणं त्याच्यावरच होतं. ‘येऊच नको’ असं तो घसा फाटेस्तोवर ओरडायचा आणि मागे मी ड्रम बडवायचो. माझे वडील मुंबईला. ते गणपतीलाही येईनासे झाले होते. तिकडे त्यांनी दुसरा संसार केलाय हे गावाला ठाऊक होतं, आमच्या घरात मात्र त्यावर कोणी बोलत नसे. ते गाणं वाजवताना माझ्या मनात काय असायचं, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी त्याचा बापूस परत आला. अंगाने अर्धा झालेला. महिन्याभरात गाणी बदलली. गिटार हळू झाली, आवाज खाली आला. मित्र मला म्हणाला, “काठ्या नको, ब्रशने हळू वाजव.”

“हे काय, अंगाई?”

“माझं ओरडून झालं रे.”

माझं झालं नव्हतं. पण मी एवढंच म्हणालो, “लोकांना नाही आवडायचं.”

“नाही तर नाही.”

नवी गाणी आम्ही पहिल्यांदा कॉलेजच्या गॅदरिंगला केली, भर दुपारी. दुसऱ्या रांगेत त्याचे आईवडील बसले होते. बापसाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिसऱ्या गाण्याला चुळबुळ सुरू झाली आणि मागून आरोळी आली, “येऊच नको!” मग सगळेच ओरडू लागले.

तो माइकवर म्हणाला, “ते गाणं आता आम्ही करत नाही.”

हुर्यो उडाली. मी ब्रश खाली ठेवले, काठ्या उचलल्या आणि त्याच गाण्याचा ठेका धरला.

तो वळला, माझ्याजवळ आला. “थांब.”

मी वाजवत राहिलो.

“बाबा बसलेत रे समोर.”

मला माहीत होतं. ते येऊन बसले तेव्हाच मी पाहिलं होतं. अख्खा हॉल ठेक्यावर टाळ्या पिटत होता. तो परत माइकपाशी गेला आणि गायला. शेवटी ओरडलाही, पूर्वीपेक्षा जोरात. समोर एकदाही बघितलं नाही. त्याच्या आईची मान खाली होती. बापूस गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

स्टेजमागे मी म्हणालो, “बघितलंस, लोक कसे...”

“तुझ्या बापसाचा राग तू माझ्या बापसावर काढलास,” तो म्हणाला. गिटार उचलून निघून गेला.

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

आठ दिवसांनी मी मांडवीला गेलो. त्याचे बाबा पडवीत बसले होते. “काका, माझी चूक झाली,” मी म्हणालो.

ते म्हणाले, “गाणं खोटं नव्हतं. पण ते मला त्याने ऐकवायचं होतं, त्याला वाटलं तेव्हा. तू नव्हे.” आत बघून म्हणाले, “तो आहे घरात. पण बोलायचा नाही.”

तो बाहेर आला नाही.

दुसरी कॅसेट दिवाळीच्या सुमारास निघाली. मावसभावाने मला एक कॉपी आणून दिली. त्यात ड्रम नव्हतेच. पहिल्या दिवशी दोन गाण्यांनंतर मी ती बंद केली. पुढे कधीतरी सगळी ऐकली. गाणी चांगली होती, माझ्याशिवाय चांगली होती. चौथ्या गाण्यात मधेच कोणीतरी खोकतं. वयस्क माणसाचा खोकला. म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी त्याचा बापूस शेडमध्ये बसला होता. तो खोकला त्यांनी पुसला नाही, गाणं तसंच पुढे गेलं.