तात्यांचं आरमारी निशाण

भोरच्या एसटी स्टँडवर होतो, तेव्हा चुलतभावाचा फोन आला. "तात्या गेले..." भोंगवलीला पोहोचेपर्यंत डोळ्यांपुढून तीन-चार वर्षांपूर्वीची एक सकाळ हलेना.

माझे चुलते तात्या नौदलात सिग्नलमन होते. जहाजावरून झेंड्यांनी निरोप देणं हे त्यांचं काम. निवृत्तीच्या वेळी जहाजावरचं एक विरलेलं निशाण त्यांना मिळालं होतं. पांढऱ्यावर लाल क्रूस, कोपऱ्यात तिरंगा. इंग्रज गेले, तरी त्यांचा क्रूस आपल्या आरमाराच्या निशाणावर कित्येक वर्षं राहिला. तो जाऊन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा गावात पेढे वाटले. "तात्यांकडं गुलामीचं निशाण आहे, चौकात जाळू," असं गावच्या ग्रुपवर कुणी लिहिलं? मीच. शाळेत इतिहास शिकवणाऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी दारात पंधरा-वीस जण जमले. एकाच्या हातात पेट्रोलची बाटली. तात्या निशाण छातीशी धरून उंबऱ्यात आले.

"तात्या, द्या ते इकडं," मी म्हणालो.

"ह्यो क्रूस मलाबी सलायचा. रोज सकाळी सलाम ठोकताना सलायचा. नवं निशाण आलं तवा म्या रडलो, इचार काकूला. पर लढाईत ह्याच्याखाली माझा जोडीदार गेला. त्यो काय इंग्रजासाठी मेला व्हय?"

बाटलीवाला माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी हो म्हटलं असतं, तर त्यानं पुढं पाऊल टाकलं असतं... मी खाली मान घातली. काकू येऊन तात्यांच्या शेजारी उभी राहिली, तशी एकेक माणूस पांगला. मीही निघालो.

"तू थांब," तात्या म्हणाले. निशाणाची दोन टोकं माझ्या हातात दिली. "धर. घडी घालायचीय." आम्ही घडी घातली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही, आणि मीही काढला नाही.

दहाव्यानंतर काकूनं ती घडी माझ्याकडं दिली. "साळंत ने म्हनले व्हते."

वर्गात निशाण लावून मी मुलांना सगळं सांगितलं, ते जाळायला कोण निघालं होतं तेही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, मग तुमी माफी मागितली का त्यांची?"

"नाही... राहूनच गेलं."

"मग आता मागा की."

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी खडू खाली ठेवला, निशाणाकडं वळलो आणि हात जोडले.