खिडकीतल्या सहा बाटल्या

त्या सहा बाटल्यांत जे जगत होतं ते मीच मारलं, आणि वर खोटं बोललो.

नांदेडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. पोरं मला मामा म्हणतात. जंतू वाढवणं पोरांचं काम, मारणं माझं. प्रयोग संपला की सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका भल्यामोठ्या कुकरमध्ये घालायचं. वाफेनं निर्जीव झाल्याशिवाय आमच्या दारातून काही बाहेर जात नाही. वीस वर्षांत माझ्या कामाकडे कुणी बोट दाखवलं नाही. याचा मला गर्व होता, आणि चूक त्या गर्वातूनच झाली.

सात वर्षांपूर्वी लोह्याकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. गोदावरीच्या घाटावरचं शेवाळ आणि घरच्या गोबरगॅसची मळी पाण्यात कालवून तिनं सहा बाटल्यांत भरली, बुचं मेणानं बंद केली आणि बाटल्या खिडकीतल्या उजेडात मांडल्या.

"हे काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"अंतराळवीरांची सोय, मामा. यानात हवा-पाणी थोडंच असतं. माणसाचा श्वास, मैला, मूत, सगळं जंतूंनी घ्यायचं आणि त्याचंच हवा-पाणी करून परत द्यायचं. पण एकट्या जातीला ते जमत न्हाई. एकाचं उष्टं दुसऱ्यानं खाल्लं तरच बंद बाटलीत सगळे जगतात."

"म्हणजे आपलंच पाणी परत प्यायचं?"

"हाव. शुद्ध करून."

"मग दुष्काळात आमच्या लातूरच्या बायका कधीच्याच अंतराळात गेल्यात. अंघोळीचं पाणी धुण्याला, धुण्याचं संडासाला."

ती इतकी हसली की शेजारच्या वर्गातून सर डोकावले. "हे मी कुठंतरी सांगणार बघा! पण मामा, तुमचा कुकर लई भुकेला हाय. त्याची नजर पडू देऊ नका माझ्या बाटल्यांवर."

रोज सकाळी कुलूप काढलं की मी आधी त्या खिडकीशी जायचो. दोन बाटल्या महिन्याभरात काळ्या पडल्या. चार मात्र हिरव्याच राहिल्या. ऊन आलं की काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटायचे. बाहेरून काही न घालता पाच महिने ते आत जगत होते. प्रयोग तिचा, पण हरखून मी जायचो.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. तेव्हा ती सोयाबीनच्या राशीला, मळणीसाठी, गावी गेली होती. मी फरशी घासली, काचा पुसल्या, आणि खिडकीतली ती हिरवी-काळी घाण समितीला दिसेल असं मनात आलं. 'हात लावू नये' ही तिची चिठ्ठी मी वाचली. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी मेण फोडून बुचं उघडली. चार बाटल्यांतून फुस्स करून हवा निघाली. विहिरीच्या ओल्या पायरीसारखा वास आला. ते जिवंत आहे हे कळत असताना मी साही बाटल्या वाफेला लावल्या.

ती आली तेव्हा म्हणालो, "अगं, मेलं होतं सगळं. वास सुटला म्हणून टाकलं."

"साही?"

"साही."

तिनं वहीत तसंच लिहिलं. माझ्या शब्दावर तिनं प्रकल्पात अपयश नोंदवलं आणि कमी गुण घेतले.

आज ती दक्षिणेतल्या मोठ्या संशोधन संस्थेत हेच काम करते. गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात तिचं व्याख्यान झालं. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. शिपायांपासून प्राध्यापकांपर्यंत दिसेल त्याला मी सांगत होतो, "आमच्या लॅबची पोरगी ही!" तिनं लातूरच्या बायकांचं सांगितलं तेव्हा सगळे हसले, आणि माझा ऊर भरून आला. पुढच्याच वाक्याला ती म्हणाली, "नांदेडचं मिश्रण पाच महिन्यांत मेलं. म्हणून ते मी पुन्हा कधी वापरलं नाही."

म्हणजे माझं खोटं सात वर्षं तिच्या विज्ञानात बसलं होतं. चांगली वाट तिनं माझ्यामुळे सोडली होती.

व्याख्यान संपल्यावर ती आपण होऊन प्रयोगशाळेत आली. मी म्हणालो, "मॅडम, एक सांगायचंय."

"मॅडम काय म्हणून राहिलात, मामा?"

मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा कडक झाला.

"मामा, माझं काय गेलं ते गेलं. पण खोटी नोंद?" मग खुर्ची ओढून तिनं वही काढली. "हिरव्या किती होत्या?"

"चार."

"बुडबुडे?"

"शेवटच्या दिवसापर्यंत."

"वास? सडका?"

"न्हाई. ओल्या पायरीसारखा."

तिनं वही माझ्याकडे सरकवली. "तुमच्या हातानं लिहा. हे तुमचं निरीक्षण हाय. ते मिश्रण मी पुन्हा लावते."

माझं निरीक्षण! तिच्या वहीत! लाज आणि अभिमान एकदमच दाटून आले. मी एकेक बाटलीचं लिहिलं. खाली सही केली, आणि ती वाचत असताना, इतकी वर्षं आत अडकलेली माफी तोंडानंही मागितली, "चार जिवंत होत्या, बाई. कळत असून मी मारल्या आणि तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर."