पुढं सरका, जागा हाय

आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजवर जो कुणी देवाच्या कामासाठी जागेवरून उठला, तो कंडक्टरमामांनी उठवला म्हणून उठला. आणि त्या मामांना सगळ्यांदेखत खाली बसवलं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मामांच्या गोष्टी सांगताना मला हसू येणार आणि वाचणाऱ्याला वाटणार की हा त्यांचा कुणी जिवलग असावा. मी त्यांचा जिवलग नव्हतो. मी मंडळीच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी होतो.

मामा मूळचे मंद्रूपकडचे. सारी नोकरी एसटीत, बहुतेक सोलापूर-बार्शी रस्त्यावर. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या अंगावरची खाकी उतरली, पण आतला कंडक्टर काही उतरला नाही. दर रविवारी ते देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दारात उभे राहत, येणाऱ्याला 'सलाम' करत आणि त्याच हाताने त्याच्या खांद्याला हलकासा रेटा देत. "पुढं सरका, पुढं जागा हाय." आमच्या लोकांना मागचे बाक फार प्रिय. पुढे बसलं की पाळकसाहेब काहीतरी काम सांगतील ही भीती. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात करणार, तेवढ्यात मागून आवाज यायचा, "खांबाजवळच्या ताई, दारात गर्दी करू नका." पाळकसाहेब मोठे सोशिक. डोळे न उघडता ते विचारायचे, "मामा, निघायचं का?" मग मामा बाकावर दोनदा टिचकी मारायचे आणि आमची उपासना निघायची.

हा सगळा विनोद आहे असंच आम्ही कित्येक वर्षं समजत होतो. पण मामांची ती पद्धत होती. माणूस ते एकदम पुढे नेत नसत. या महिन्यात एक बाक, पुढच्या महिन्यात आणखी एक. एका दवाखान्यातला कंपाउंडर शेवटच्या बाकावर पंख्याखाली डुलक्या काढायचा. मामांनी त्याला सरकवत सरकवत असा पुढे आणला की एक दिवस शास्त्रवाचनाला कुणी नव्हतं तेव्हा ग्रंथाला सगळ्यात जवळ तोच निघाला. आज तो आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करतो. सोलापूरच्या पूर्व भागातली एक तेलुगू विणकर बाई मराठी गीतांच्या चालीवर हळूच तेलुगू शब्द गुणगुणायची. मामा तिच्यामागे उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, ह्यो आवाज मागं ठिवायचा न्हवं." आता ती गायनवृंदाच्या मधोमध उभी असते. सगळेच नेम लागले असं नाही. एका पोराचा आवाज खणखणीत म्हणून मामांनी त्याला उपदेशक ठरवून टाकला होता. तो बार्शीच्या बाजारात धान्याचे लिलाव पुकारायला लागला. मामा मुळीच खजील झाले नाहीत. "आवाज तर कामाला आला की," म्हणाले.

देवाने सेवेसाठी बोलावणं याला आमच्यात पाचारण म्हणतात, पण हा शब्द मामा कधी वापरत नसत. त्यांचा शब्द 'हाक'. एकदा बाहेरगावचे एक मोठे वक्ते तरुणांना पाचारणावर मार्गदर्शन करायला आले. बोलून बोलून दमले आणि शेवटी म्हणाले, "आता ज्यांना ज्यांना पाचारण झालं आहे त्यांनी हात वर करावा." सगळी पोरं फरशीकडे बघायला लागली. मामा माझ्या कानाशी लागले, "असं इचारल्यावर कोन हात वर करंल? गाडीत कुनाला उतरायचंय म्हनून इचारलं तरी लोक गप बसत्यात, आन थांबा गेला की बोंबलत्यात. शेजारी जाऊन हळूच सांगाय लागतंय, बाबा, तुजा थांबा आला." आणि ज्याला उतरवलं त्याला ते रस्त्यावर सोडूनही देत नसत. आमच्या मंडळीतून जी दोन पोरं पुण्याला धर्मशिक्षणाला गेली, त्यांच्याकडे हे मधूनच एसटीने जाऊन धडकायचे, कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन. एकजण ग्रीक भाषेला कंटाळून परत यायला निघाला होता. मामांनी त्याला समोर बसवून जेवायला घातलं. ग्रीकबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तो तिथेच राहिला.

आता माझ्याबद्दल. सेक्रेटरी या नात्याने उपासनेतली मध्यस्थीची, म्हणजे सगळ्यांसाठी मागायची, प्रार्थना माझ्याकडे असायची. तीत एक वाक्य मी कधी चुकवलं नाही: "प्रभू, आमच्या मंडळीतून तुझ्या सेवेसाठी सेवक उठव." चांगला आवाज लावून म्हणायचो. लोक मोठ्याने आमेन म्हणायचे. मनातल्या मनात त्या वाक्यात आणखी दोन शब्द होते, ते मात्र माझे मलाही तेव्हा ऐकू येत नव्हते. दुसऱ्यांच्या घरातून.

माझी मुलगी करुणा फार्मसी शिकत होती. मामांनी तिला कधी पुढे आणली हे मी पाहिलंच नाही, कारण मी स्वतः पुढे बसून, मागे न बघता, डोळे मिटून असायचो. एका रविवारी पाळकसाहेबांचा घसा बसला. मामा उठले आणि म्हणाले, "करुणा, तू बोल गं." ती उठली. बायबलमधल्या, जवळचं सगळं देऊन टाकणाऱ्या विधवेच्या दोन दमड्यांवर दहाएक मिनिटं बोलली असेल. मध्ये एकदा अडखळली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुन्हा बोलू लागली. देवळात कुणी खोकलंही नाही. त्याच आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "पप्पा, डिग्री झाली की मला सेमिनरीत जायचंय. मला पाळक व्हायचंय." माझा घास हातातच राहिला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर अंगणात चहा चालला होता. मी कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मामांवर ओरडलो, "मामा, हे देऊळ आहे, एसटी स्टँड नाही. लोकांच्या पोरी गाडीत कोंबायचं बंद करा."

मामा गोंधळले. टोमणा मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. खरंच न समजल्यासारखे ते म्हणाले, "पर सेक्रेटरी, तुमीच दर ऐतवारी मागताय की, सेवक उठव म्हनून. मला वाटलं, मनापासनं मागताय."

कुणीतरी हसलं. मी कप उचलून चालता झालो.

त्यानंतर मामा दारात उभे राहिले नाहीत. वेळेवर यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि गप्प असायचे. बघता बघता आमची सगळी मंडळी मागे मागे सरकली. पाळकसाहेब रिकाम्या बाकांशी बोलू लागले. सुरुवातीला ते क्षणभर थांबायचे, टिचकीची वाट बघितल्यासारखे, आणि मग आपले आपणच निघायचे.

करुणाची डिग्री झाली, प्रवेशही ठरला. आमच्याकडे एक रीत आहे. सेवेसाठी निघालेल्याला समोर उभं करून पाळकसाहेब विचारतात, "याला कोण पाठवतं?" मग ज्याने त्याला घडवलं तो उभा राहून म्हणतो, "मी पाठवतो." तसं कुणी म्हटल्याशिवाय मंडळी निरोप देत नाही. तुम्ही उभे राहा असं सांगायला करुणा मामांच्या घरी गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"नाही म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, बापाचं मन न्हाय, तर मी कोन पाठवनार? बापाला तुजी काळजी हाय, त्यात काय वाईट न्हाय."

"मग मी उभा राहतो," मी म्हणालो.

"तुम्ही राहाल, पप्पा. पण ते खोटं होईल." ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली.

निरोपाच्या आधीच्या रविवारी चहाच्या वेळी मामा नेहमीसारखे एका कडेला बशीत चहा ओतून पीत होते. मी जवळ गेलो. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मी खालच्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असा, काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हनला?" मामांनी कान पुढे केला. "इंजनापाशी बसून बसून ह्यो कान गेलाय, सेक्रेटरी. मोट्यांदा बोला."

कंपाउंडर, ती विणकर बाई, पाळकसाहेब, करुणा, सगळे आमच्याकडे बघत होते. ओरडलो होतो तेव्हाही हेच सगळे होते.

"मामा," मी मोठ्याने म्हणालो, "तुमचं काही चुकलं नव्हतं. मी दर रविवारी देवाकडे दुसऱ्यांची लेकरं मागत होतो आणि माझं लपवून ठेवत होतो. त्याची शरम मला वाटायला हवी होती, ती मी तुम्हाला भोगायला लावली. सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. मी चुकलो. मला क्षमा करा. आणि पुढच्या रविवारी करुणाला तुम्हीच पाठवा, आता तिच्या बापाचंही मन आहे."