साडी चालणार नाही

सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात भर दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. वैजयंती पायरीवर जरा घुटमळली, पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला आणि आत शिरली. मालक पंख्याखाली पेंगत होता. तो सावरून बसला.

"पोहायचा पोशाख पाहिजे. बायकांचा. पूर्ण हाताचा, पायबी झाकणारा."

"नातीसाठी का मावशी? केवढी हाय?"

'व्हय, नातीसाठीच' म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं. पण मग माप कुणाचं सांगायचं?

"माझ्यासाठी पाहिजे," ती म्हणाली.

मालकानं एकदा तिच्याकडं बघितलं, तिच्या पिकलेल्या केसांकडं बघितलं आणि आत गेला. आतून त्यानं दोन पोशाख आणून काचेवर ठेवले. एक काळा कुळकुळीत. दुसरा गडद निळा, बाजूनं राणी रंगाची पट्टी असलेला.

"काळाच न्या. वयाला बरा दिसतो."

"निळा द्या," वैजयंती म्हणाली. आपला आवाज एवढा चढेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

साठीला आलेल्या या बाईनं स्वतःच्या मनानं घेतलेला हा पहिलाच कपडा होता. वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण खरंच तसं होतं. माढा तालुक्यातल्या एका वस्तीवर ती वाढली. परकर-पोलकं आई शिवायची. विहिरीच्या काठावर भावांबरोबर पाठीला रिकामा डबा बांधून ती पोहायला शिकली, आणि दोन उन्हाळ्यांत डबा सोडून काठावरून सूर मारायला लागली. मग एक दिवस आईनं तिला साडी नेसवली आणि वडील ओसरीतूनच म्हणाले, "आता विहिरीचं पुरं." त्या दिवसानंतर ती पाण्यात उतरली नाही.

लग्न होऊन ती माढ्याला रामहरीच्या घरी आली. सासू बजाबाई कडक. डोईवरचा पदर ढळता कामा नये, अशी ताकीद होती. चुलीपुढं वाकून भाकरी थापतानाही वैजयंती पदर दातात धरायची. रामहरीला वीज मंडळात नोकरी लागली आणि दोघं सोलापुरात आली, तेव्हा पदर डोक्यावरून खांद्यावर उतरला. तरी सुट्टीला गावी जाताना माढ्याची वेस दिसली की हात आपोआप वर जायचा. साड्या नणंदा निवडायच्या, नाहीतर रामहरी दिवाळीला आणायचा. तिला भडक रंग आवडायचे. राणी, मोहरीसारखा पिवळा, पोपटी. कुणी विचारलंच नाही, म्हणून तिनंही कधी सांगितलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर सल्ले देणाऱ्यांत घरातली एक भर पडली. धाकटा दीर उदयसिंह, त्याची मुलगी पिंकी कॉलेजसाठी सोलापुरात वैजयंतीकडेच राहिली. पोरगी जिवाभावाची. वैजयंतीला मोठी आई म्हणायची. पण मोबाइलवर बघून बघून तिला कपड्यांतलं फार कळायला लागलं होतं.

"मोठी आई, या वयात डार्क कलर नको. लाईट शेड घ्यायची, बारीक काठ. ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत. एकदम सोबर दिसशील बघ."

सोबर म्हणजे काय ते वैजयंतीला नीटसं कळलं नाही, पण पोरीचं मन मोडवेना. राणी रंगाच्या दोन साड्या तिनं भांडेवालीला दिल्या आणि राख फासल्यासारख्या रंगाची साडी नेसून पिंकीच्या निरोप समारंभाला गेली. पिंकी मैत्रिणींना म्हणाली, "बघा, किती ग्रेसफुल!" वैजयंती हसली. घरी आल्यावर आरशापुढं मात्र तिला वाटलं, हळूहळू आपल्याला पुसून टाकायचं चाललंय.

मग गुडघे गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या घराचे जिने चढताना ती मधेच कठड्याला धरून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा. चालू नका, पोहा. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही." खालच्या मजल्यावरची शिवलीला आधीपासूनच पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला जात होती. अक्कलकोटकडची, बोलताना मधूनच कानडीत शिरणारी, मनमोकळी बाई. ती वैजयंतीला तलावाच्या ऑफिसात घेऊन गेली. तिथं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: साडी, पंजाबी ड्रेस, गाऊन चालणार नाही.

"पोहायला जाते," एवढंच वैजयंतीनं घरी सांगितलं. रामहरीनं पेपरातून मान वर न करता "जा की" म्हटलं. काय घालून पोहणार, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत ती कितीतरी वेळ टॉवेल गुंडाळून उभी राहिली. उजवा हात सारखा खांद्याकडं जायचा. तिथं पदर नव्हता.

"अक्का, चला की! सगळ्या आपल्याच बायका आहेत," शिवलीलानं हाक मारली.

टॉवेल काठावर टाकून वैजयंती शिडीवरून उतरली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि तिनं पाय सोडले. इतकी वर्षं गेली होती, तरी हातपाय विसरले नव्हते. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा तिला इतका दम लागला होता की हसूही फुटेना. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला शिकवायचं काहीच नाही."

दोनेक महिन्यांत गुडघे वळायला लागले. जिना एका दमात चढता येऊ लागला. रामहरी म्हणाला, "तुझ्या चालण्यात फरक पडलाय." तिला बरं वाटलं.

पिंकीचं लग्न ठरलं ते याच दिवसांत. साखरपुडा माढ्याला. "साडी तूच नेसवायची मोठी आई, दुसऱ्या कुणाच्या हाताला मला उभंच राहता येत नाही," असं पिंकीनं बजावून ठेवलं होतं. आणि साखरपुड्याला दोन दिवस उरले असताना तो फोटो फिरला.

शिवलीलाच्या मनात काहीच वावगं नव्हतं. पाच जणी पाण्यात पाय सोडून काठावर बसल्या होत्या, भिजलेल्या, हसणाऱ्या. मधे वैजयंती. शिवलीलानं तो फोटो आपल्या स्टेटसला ठेवला. भावकीतल्या कुणाच्या तरी ओळखीच्यानं तो उचलला आणि संध्याकाळपर्यंत भावकीच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'रामहरीदादांच्या घरी नवीन फॅशन.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

रामहरी फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. वैजयंती चपात्या करत होती.

"हे काय हाय?"

तिनं फोटो बघितला. "पोहायचे कपडे हायत. तितं साडी चालत न्हाय."

"मला सांगायचं तरी!"

"तुमी कवा विचारलं?"

तो काही बोलायच्या आत त्याच्या हातातला फोन वाजला. उदयसिंह. रामहरीनं स्पीकर लावला नव्हता, पण दिराचा आवाज तव्यापर्यंत ऐकू येत होता.

"दादा, उद्याच्याला सोयरे काय म्हणतील? मोठं घर बघून पोरगी केलीया त्यांनी. जावयाच्या मोबाइलवर हे गेलं तर? वैनीचं वय काय, वागणं काय! तू असं कर, साखरपुड्याला एकटाच ये."

वैजयंती रामहरीच्या ओठांकडं बघत राहिली. तव्यावरची चपाती करपायला लागली. तिनं गॅस बंद केला नाही.

"बरं," रामहरी म्हणाला.

एवढाच शब्द. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, पण त्या 'बरं'नं तिला मारल्यासारखं झालं. थोड्या वेळानं पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाचाही मेसेज आला. 'आई, हे करायचं वय आहे का?' तिनं तो वाचला आणि फोन पालथा घातला.

साखरपुड्याच्या दिवशी रामहरीनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. दारात चप्पल घालताना त्याला पट्टा सापडेना. वैजयंती मदतीला गेली नाही.

"तब्येतीचं सांगतो," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

"काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा."

गाडी गेली. घर एकदम सुनं झालं. पिंकीचे फोन येत होते. एक आला, दुसरा आला. काय बोलायचं पोरीशी? तुझ्या बापानं मला येऊ नको म्हटलंय, हे तिला आजच्या दिवशी सांगायचं? वैजयंतीनं फोन घेतला नाही. डोळ्यांपुढं येत होतं ते एवढंच की आत्ता कुणीतरी दुसरीच पिंकीच्या निऱ्या घालत असेल आणि पोरगी आखडून उभी असेल.

तेवढ्यात दारात शिवलीला आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "अक्का, माझ्यामुळं झालं. मी स्टेटस काढून टाकलं. तुमच्या पाया पडते."

"उठ," वैजयंती म्हणाली. "फोटोत आपण काय चोरी करत होतो काय? चल. बॅचची वेळ झाली."

"आज?"

"आजच."

त्या दिवशी ती पोहली ते रागानं. या काठावरून त्या काठाला, परत, पुन्हा परत. डोळ्यांतलं पाणी आणि तलावाचं पाणी वेगळं करता येत नव्हतं, हे बरंच झालं. शिकवणारी मुलगी काठावरून "काकू, पुरे आता" म्हणत राहिली. वैजयंती थांबली तेव्हा तिचे खांदे थरथरत होते, पण मन पक्कं झालं होतं.

संध्याकाळी रामहरी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. पुडा टेबलावर ठेवून तो खुर्चीत बसला, बूड टेकून पण पाठ न टेकता.

"पिंकी रडली," तो म्हणाला. "पोराच्या आईनं विचारलं, मुलीला शिकवलं त्या काकू कुटं हायत? उदयसिंह म्हणाला, तब्येत बरी न्हाय त्यांची."

"आन तुमी?"

"मी काय बोलणार? गप बसलो."

वैजयंती त्याच्यापुढं उभी राहिली. "माझी तब्येत बरी झाली, म्हणून मी तितं नव्हते. गुडघे धरून कण्हत बसले असते, तर पहिल्या रांगेत खुर्ची दिली असती मला."

रामहरीनं पेढा खाल्ला नाही, तिनंही नाही. तो पुडा तसाच राहिला, मुंग्या लागेपर्यंत.

पुढचे कितीतरी दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. 'चहा', 'भाजी', 'दूधवाला आलाय'. ती बॅचला जात राहिली. पोहायचे कपडे आता ती गच्चीत आडोशाला न वाळवता पुढच्या गॅलरीत वाळत घालायला लागली. समोरच्या इमारतीतल्या बायका बघायच्या. रामहरीही बघायचा.

लग्नपत्रिका द्यायला उदयसिंह स्वतः आला. पिंकीनं हट्टच धरला असावा. तो सोफ्याच्या टोकाला बसला. वैजयंतीनं पाणी आणून दिलं.

"वैनी, झालं ते झालं," तो पत्रिकेवरचं कुंकू निरखत म्हणाला. "लग्नाला या. फकस्त तेवढं पोहायचं बंद करा. निदान लगीन होस्तोवर. तुमच्या वयाच्या बायका देवळात जात्यात, भजनाला जात्यात. शोभंल असं काही करा की."

वैजयंतीचे कान तापले. पण आवाज तिनं खालीच ठेवला. "भावजी, लग्नाला मी यीन. पोरगी माझीबी हाय. आन पोहायलाबी जाईन. हे सोडलं तर ते देतो, असं मला सांगू नका. मागं तुमी नको म्हणालात, मी घरात बसले. परत बसणार न्हाय."

"दादा, ऐकतोयस नव्हं?" उदयसिंह भावाकडं वळला.

वैजयंतीनं नवऱ्याकडं बघितलं नाही.

"ऐकतोय," रामहरी म्हणाला. "मागं मी एकटा आलो. ते माझं चुकलं. आता ती येणार नसंल तर मीबी येणार न्हाय. मांडवात काय सांगायचं ते तू ठरव."

उदयसिंह उठला. पत्रिका टेबलावर ठेवली. चहा ठेवला होता, तो न घेताच जिना उतरून गेला.

लग्नाला ती दोघं गेली. वैजयंतीनं राणी रंगाची नवी इरकल साडी घेतली होती, शिवलीलाला बरोबर नेऊन, पण स्वतः निवडून. गावात शिरताना तिनं डोक्यावर पदर घेतला. कुणी सांगितलं म्हणून नाही. थकलेल्या बजाबाई समोर बसणार होत्या, त्यांच्यापुढं तिला तो हवासा वाटला. बजाबाईंनी तरीही तोंड फिरवलं. मांडवात दोन-तीन बायका तिच्याकडं बघून कुजबुजल्या. पिंकीला साडी वैजयंतीनंच नेसवली. निऱ्या घालताना पोरगी खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "मोठी आई, सोबर-बिबर मी म्हणायचे ना, ते सोडून दे. हा रंग तुला लई छान दिसतो." वैजयंती म्हणाली, "सरळ उभी राहा, निरी सुटंल."

त्याला आता वर्ष होत आलं. उदयसिंह वैजयंतीशी अजून बोलत नाही. दिवाळीला भाऊबंद जमले तेव्हा त्यानं सगळ्यांना फराळाचं विचारलं, तिला नाही. याचं तिला वाईट वाटतं. तो लहान असताना तिनं त्याला हातानं जेवू घातलंय. फोनची रिंग वाजली की तिला अजून वाटतं, त्याचा असेल. रामहरी मोटारसायकलवरून तिला तलावापर्यंत सोडतो आणि पलीकडच्या चहाच्या गाड्यावर बसतो. कुणी ओळखीचं भेटलं, इथं कसे म्हणून विचारलं, की पहिल्या पहिल्यांदा तो "काम होतं जरा" म्हणायचा. परवा वीज मंडळातला जुना सोबती भेटला, तेव्हा म्हणाला, "बायको पोहतीय आत."