जादा सेकंद

धाकटा भाऊ बंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत लागला, तेव्हापासून तो घरी आला की अप्पा त्याच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे बसायचे. मला ते बघवत नसे. तंजावुरात, राजवाड्यामागच्या घरात अप्पांजवळ राहत होते मी. त्यांची फिल्टरची कापी मी करायची आणि हॉलमधल्या लंबकाच्या घड्याळाला दर शुक्रवारी, देवाजवळ दिवा लावून झाला की, किल्लीही मीच द्यायची. रेडिओच्या ठोक्यांशी ते जुळवायचं आणि मग मुद्दाम पाच मिनिटं पुढे करायचं, कारण राहुकाळ लागायच्या आत अप्पांचा पाय उंबऱ्याबाहेर पडायला हवा. इतक्या वर्षांत त्यांनी घड्याळाबद्दल मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

त्या जूनअखेरीस भाऊ आला. जेवताना म्हणाला, पृथ्वी फिरता फिरता किंचित मंदावते, म्हणून जगातल्या घड्याळांत एक सेकंद जादा घालणार आहेत. आपल्याकडे तो उद्या पहाटे साडेपाचला येईल.

"आपल्या घड्याळांतही घालूं या," अप्पा लगेच म्हणाले. "तूच घाल."

पहाटे अप्पा आंघोळ करून, गंध लावून हजर. भावानं मनगटावरचं घड्याळ पाहत लंबक बोटानं धरला आणि सोडला. झालं. अप्पांचे डोळे भरून आले. घड्याळात तेव्हा पाच पस्तीस झाले होते, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्याची कापी मुद्दाम पाणचट केली. त्यानं ती मिटक्या मारत प्यायली, म्हणून आणखीच चिडले.

तो गेला त्याच दुपारी घड्याळ बंद पडलं. लंबक धरताना ते भिंतीवर जरा तिरकं झालं होतं. सरळ करायचं, लंबकाच्या दोन्ही झोक्यांना टिकटिक सारखी येऊ लागली की झालं. मी स्टूल ओढलं.

"हात लावूं नोको!" अप्पा ओरडले. "त्यानं केलंय ते. त्यालाच विचारूं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घेऊन ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. मी दारातच उभी. "थांबलं रे, काय करूं आतां?" असं ओरडून विचारून झालं, मग नुसतेच ऐकत राहिले.

फोन ठेवून बाहेर आले. "अक्काला सांगा म्हणतो. ह्या घड्याळाचं तिलाच ठाऊक म्हणतो."

माझंच घड्याळ, आणि तेही मला त्याच्या शिफारशीनं मिळत होतं. तो वाईट असता तर बरं झालं असतं.

अप्पांनी मला नव्यानं पाहावं तसं निरखलं.

"तुला येते?"