आजोबांचं नाव उकर्डा

आमच्या वंशावळीतलं एकही नाव आज कोणी आपल्या पोराला ठेवणार नाही. तुकडू, झ्यामा, पुंजाजी, फकिरा. बायकांमध्ये दुर्पता, ठकू आणि एक अंतकला. अंतकला म्हणजे आता मुली पुरे, असं देवाला बजावून ठेवलेलं नाव. देवानं काही ऐकलं नाही, तिच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली. अमरावतीच्या शाळेत मी जन्मभर हजेरी घेतली. निवृत्तीच्या सुमाराला तर एका 'आरव'ला हाक मारली की चार पोरं उभी राहायची. तेव्हा मला आमच्या तुकडूची फार आठवण यायची. पंचक्रोशीत तुकडू म्हटलं की एकच माणूस मान वर करत असे.

माझ्या आजोबांचं नाव उकर्डा. म्हणजे उकिरडाच, दुसरं काही नाही. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आजोबांच्या आधीची सगळी भावंडं पाळण्यातच गेली होती. हे जन्मले तेव्हा पणजीनं त्यांना सुपात घातलं आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण आली, तिनं ते 'टाकलेलं' पोर उचललं, आणि पणजीनं पसाभर ज्वारी देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. कचऱ्यातल्या मालावर यम कशाला हात टाकेल? आमच्याकडे पूर्वी असं करत, आणि जगलेल्या पोराचं नाव मग उकर्डा राहत असे. एक मात्र होतं, ते नाव पुढे कधी बदलायचं नाही आणि झाकायचंही नाही. आजोबा चांगले म्हातारे होऊन, पणतू मांडीवर खेळवून गेले.

गेल्या वर्षी दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. तो हिवरखेडजवळ आमची शेती बघतो. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली आमच्या माणसांचे ओटे आहेत. दहन झालं की राख सावडून तिथे ओटा बांधायची आमची रीत. मातीचे ओटे, दर पावसाळ्यात खचायचे. दादाला ते सिमेंटचे करून प्रत्येकावर नाव कोरलेला काळा दगड बसवायचा होता, येत्या अक्षय्य तृतीयेला. मला इतका आनंद झाला की मी त्याला फोनवरच शहाणा म्हटलं. हा शब्द मी त्याच्यासाठी सहसा वापरत नाही.

"पन बाई, आत्याले तूच आन," तो म्हणाला. "मह्याशी बोलत नाई थे."

अक्षय्य तृतीयेला पितरांना पाणी घालायचं ते आमच्या घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या लेकीनं. म्हणजे अकोल्याच्या आत्यानं, आजोबांच्या मुलीनं. आणि ती दादाशी बोलत नव्हती, कारण त्यानं पोरीच्या लग्नपत्रिकेवर आजोबांचं नाव छापताना नुसतं 'उ.' छापलं होतं. आत्याला अक्षर ओळखू येत नाही. पण नातसुनेनं पत्रिका वाचून दाखवली आणि आत्या त्या लग्नाला गेली नाही.

मी अकोल्याला गेले. आत्या खाटेवर बसून तुरीची डाळ निवडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दगडावर लिव्हनार काय हाय?"

"आजोबांचं नाव."

"कोनतं?"

"उकर्डा. दुसरं कोणतं हाय?"

"तुया दादाले लाज वाटते त्या नावाची. वरतं मह्या बापाले त्याच नावानं वळखतात. दुसऱ्या नावानं पानी देलं त त्याले पोचन काय? तो तहानेला राहीन वं."

मी तिथूनच दादाला फोन लावला आणि तिच्या कानाजवळ धरला. दादा खणखणीत बोलला, "आत्या, उकर्डाच लिवतो. तुही आन." आत्यानं फोन बाजूला सारला. "त्याच्या आनीचं मले काई नको," ती म्हणाली. "तू सांग. तुया शब्दावर येतो मी."

मी शब्द दिला. का देऊ नये? भाऊ सख्खा, आण सख्ख्या आत्याची.

अक्षय्य तृतीयेला मी तिला अकोल्याहून गाडीनं घेऊन गेले. वाटेत ती आजोबांबद्दलच बोलत होती, ते तिला तेल्हाऱ्याच्या बाजाराला बैलगाडीतून कसे नेत, परत येताना ती झोपली की स्वतःचं धोतर तिच्यावर कसं पांघरत. शेतात पोचलो तर मांडव घातलेला आणि खुर्च्यांवर अनोळखी माणसं. दादाच्या धाकट्याची सोयरीक पुण्याला जमली होती आणि ते होणारे व्याही आमचं गाव बघायला आले होते. मला यातलं कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिथेच मला वास यायला हवा होता.

दगडांवर पांढरं कापड होतं. दादानं ते काढलं. आत्यानं घागर कमरेवर घेतली, मी तिचा दंड धरला. ती एकेका ओट्यावर पाणी घालत नाव घेत होती आणि मी दगड वाचत होते. ती म्हणाली, "तुकडू बाप्पा, पानी घ्या." दगडावर 'तुकाराम'. ती म्हणाली, "झ्यामा बाप्पा, पानी घ्या." दगडावर 'श्यामराव'. तिसऱ्या ओट्याशी ती थांबली, पदर सावरला, आवाज मऊ केला. "बाबा. उकर्डा बाबा. पानी घ्या." आणि उरलेली सगळी घागर तिथे रिकामी केली.

दगडावर सोनेरी अक्षरांत होतं, 'कै. उत्तमराव'.

मी दादाला दंडाला धरून कडुनिंबामागे नेलं. "हे काय केलंस?"

"अवं, हळू बोल. पाव्हणे हायेत. पुण्याची मानसं, उकर्डा वाचून काय म्हनले असते?"

"त्यांच्या घराण्यात धोंडो नाही की दगडू नाही? आणि आण कोणाची घेतली होतीस?"

"बाई, दगड त दिवाळीतच घडवून आनले होते."

दिवाळीत. म्हणजे मी अकोल्याला गेले त्याच्या कितीतरी आधी. मग शब्द कशाला दिलास, असं मी विचारलं, तर म्हणतो, "नाई त आत्या आली असती काय?" अगदी सहज म्हणाला, शेतात विळा विसरला म्हणून सांगावं तसा. मला तेव्हा कळलं की त्याला माझी अक्कल नको होती, माझी हौसही नको होती. आत्या माझ्यावर विश्वास ठेवते, तेवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्यानं मला न विचारता वापरून टाकलं. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. लहानपणी त्याच्या वाटचा मार मी खाल्ला आहे, तेव्हासुद्धा नाही.

तेवढ्यात आत्यानं हाक मारली. "वाच वं बाई मले. काय काय लिव्हलं हाय?"

दादा माझ्या कानाशी आला. "उकर्डा म्हून सांगून टाक. तिले कुठं वाचता येते?"

सांगता आलं असतं. म्हातारी सुखानं घरी गेली असती. पण एका दिवसात तिला दोघांनी फसवायचं, हे माझ्यानं होईना. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि आहे तसं वाचलं. तुकाराम. श्यामराव. उत्तमराव.

"उत्तमराव कोन व्हय?"

आत्यानं हात पुढे केला आणि दगडावरच्या अक्षरांवरून बोटं फिरवली. दगड अजून ओला होता. "मंग म्या पानी कोनाले देलं?" तिनं विचारलं.

"आत्या, तुही आन, मले ठाऊक नव्हतं. दादानं…"

"त्याचं नको सांगू. तो तसाच हाय, मले ठाऊकच होतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तुया शब्दावर आली होती."

ती जेवली नाही. पाव्हण्यांच्या पंगतीत दादा आग्रह करत फिरत होता. उन्हं उतरल्यावर मी गाडीचं दार उघडून उभी राहिले. आत्या काठी टेकत माझ्या समोरून गेली आणि दादाच्या गाडीत जाऊन बसली.