मेहुण्यांच्या कागदी फांद्या

झाडांचा इतका धाक बाळगणारा माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात दुसरा झाला नसेल. आणि जिथे झाडांशिवाय फारसे काही नाही अशा तालुक्यात हा धाक घेऊन जगणे म्हणजे काय, हे आमच्या थोरल्या मेहुण्यांना पाहिल्याशिवाय कळायचे नाही. हे माझ्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ. ती त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणत आलो. त्यांच्याबद्दल आमच्या नात्यात एक गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे, आणि ती मीच पसरवली. आता माझी पंचाहत्तरी उलटली, जिना चढलो तरी दम लागतो आणि ही गोष्ट बरोबर वागवायचाही कंटाळा आला आहे. पण ती पुसायची तर आधी माणूस सांगायला हवा.

अण्णांचे घर नंदिगड्ड्याच्या अलीकडे, रानाला टेकून. भाताचा एक तुकडा आणि तरुणपणी जंगलात रोजंदारीवर राखणदारी, एवढ्यावर त्यांचे आयुष्य गेले. राखणदारी सुटली तरी नेम सुटला नाही: जिवंत झाडाची काडी मोडायची नाही. दात ते राखुंडीने घासत. देवाला फुले वाहायची ती खाली पडलेली, त्यामुळे त्यांच्या घरातल्या देवांनी ताजे फूल असे कधी पाहिलेच नाही. वाटेत फांदी आडवी आली तर वाकायचे, आणि फारच खाली असली तर उलटे फिरून दुसऱ्या वाटेने जायचे. एकदा त्यांच्यामागून चालताना मी एक डहाळी हाताने बाजूला सारली. ते थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "दाजी, तिला इचारलं का?" त्या दिवशी आम्ही जेवायला दीड तास उशिरा पोचलो, कारण पुढच्या प्रत्येक फांदीला मी मनातल्या मनात विचारत होतो.

कागदाचा नाद त्यांना या नेमातूनच लागला. आमच्या लग्नात आंब्याची पाने तोडायची नाहीत म्हणून त्यांनी मांडवाला कागदी तोरण केले, हिरव्या रंगात बुडवलेले, शिरांसकट. वऱ्हाडी ते पाहून हसले. एका शेळीला मात्र ते खरे वाटले आणि मंगलाष्टके चालू असताना तिने अर्धे तोरण खाल्ले. माझ्या वडलांना तो अपशकुन वाटला. अण्णा मात्र पुढे कित्येक वर्षे सांगत, "शेळीला फसवलं म्हंजी काम चांगलं हाय."

ते डावखुरे होते. लहानपणी मार खाऊन खाऊन जेवायला उजवा हात शिकले, पण कात्री, कोयता, खुरपे डाव्या हातात. कागद मिळेल तो चाले. कानडी वर्तमानपत्रे, मराठी दिनदर्शिका, लग्नपत्रिका आणि सिमेंटच्या पिशव्यांचा जाड तपकिरी कागद. पुढे पाखरे बघायला शहरातून माणसे येऊ लागली, तेव्हा त्यांना रान दाखवायला जंगलखात्याकडून अण्णांनाच बोलावणे येई. तिथेही तेच. गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या माणसाला वर फांदीवर धनेश दिसत असायचा आणि अण्णा त्याला खोडाकडे वळवायचे. म्हणायचे, "पाखरू उडून जाणारच हाय. झाड तुमच्यासाठी थांबलंय, आदी त्येला बघा." लोक वैतागायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच मागायचे. या कामाला जाताना ते धुतलेला सदरा घालत. एरवी लग्नालाही घालत नसत.

मी तेव्हा काळी नदीच्या काठावरच्या एका रिसॉर्टवर देखरेखीला होतो. नाताळात गोव्याहून, बेंगळूरहून पाहुणे येत आणि मालकांना बर्फाच्या देशातली सजावट हवी असे. मी अण्णांचे नाव सुचवले. मालकांनी नमुना म्हणून पाइनचे एक खरे फळ दिले, लाकडी पाकळ्यांचे, तपकिरी. अण्णांनी ते आठ दिवस घरी ठेवले. हुंगले, कानाला लावले, पाण्यात बुडवून त्याच्या पाकळ्या मिटताना पाहिल्या, चुलीजवळ ठेवून उघडताना पाहिल्या. मग त्यांनी निकाल दिला की हे झाड खवले मांजराच्या जातीतले आहे. आणि खवले मांजर ज्याने जवळून पाहिले आहे अशा माणसानेच करावीत अशी फळे त्यांनी केली. सिमेंटच्या कागदाची सुरळी, तिच्यावर टोकाकडून खाली एकेक खवला चिकटवत यायचा, प्रत्येक खवला आधीच्या दोहोंच्या मधोमध.

फांद्यांसाठी कागदाच्या पट्टीला केसासारखे बारीक काप द्यायचे आणि ती खराट्याच्या हिराभोवती तिरकी गुंडाळत न्यायची. हीर पडलेल्या झावळीचेच हवेत, म्हणून एका वर्षी ते दोन दिवस माडाखाली झावळी पडायची वाट पाहत बसले आणि मालक माझ्याकडे पाहत बसले. पण फांद्या अशा होत की पाहुणे नाक लावून वास घेत. फार जवळ गेले तर हिरव्या रंगाखाली कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त वाचता येई.

आठ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. अण्णांनी फांद्या आठवडाभर आधीच आणून दिल्या होत्या आणि मला दोनदा बजावले होते की दमट हवा आहे, या चुलीच्या खोलीत ठेवा. फळांची टोपली मी तिथे ठेवली. फांद्यांना जागा करायचा कंटाळा केला आणि त्या पडवीत टाकल्या. सकाळी पडवीत हिरवे पाणी आणि कागदाचा लगदा. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. मालक चार माणसांसमोर म्हणाले की वय झाले असेल तर घरी बसावे. अण्णांना निरोप गेला, ते आले, लगदा पाहिला. दोन दिवस द्या म्हणाले आणि कागद गोळा करायला निघून गेले.

मी दोन दिवस थांबलो नाही. तारेच्या कुंपणापलीकडे, जंगलाच्या हद्दीत, एक भिरंडाचे झाड होते. तुम्ही त्याला कोकम म्हणत असाल. खाली रुंद, वर निमुळते, बारा महिने हिरवेगार. मी कोयता घेतला आणि त्याच्या सात फांद्या तोडल्या. त्यांच्यावर अण्णांची कोरडी राहिलेली फळे बांधली. पाहुणे खूश झाले, मालकही.

दोन दिवसांनी जंगलखात्यातला एक माणूस सहज चहाला म्हणून आला. त्याने पाने ओळखली. या कुणी तोडल्या, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, "सजावट आमचे मेहुणे करतात. त्यांनीच आणल्या." मी हे म्हणत असतानाच अण्णा फाटकातून आत येत होते. डोक्यावर नव्या कागदी फांद्यांचा भारा, बोटे हिरवी, दोन दिवसांत झोप झाली नसावी असे डोळे. त्या माणसाने त्यांना विचारले. अण्णांनी भारा खाली ठेवला, भिरंडाची एक फांदी उचलली, तिचे तोडलेले टोक बोटांनी चाचपले. एकदा माझ्याकडे पाहिले. "व्हय साहेब," ते म्हणाले. "म्याच तोडल्या."

तो माणूसही ओशाळला. अण्णांकडून त्याने कानडीत माफीचा कागद लिहून घेतला, तेवढेच. पण पाखरे बघणाऱ्यांसाठी त्यांना पुन्हा बोलावणे आले नाही. झाडे तोडणाऱ्याला रानात कोण पुढे घालील? धुतलेला सदरा खुंटीवर राहिला.

त्यानंतरच्या उळवीच्या जत्रेत आम्ही नेहमीसारखे भेटलो. माझी बायको बोलून टाकणारी. देवळाच्या पायरीवर, नातेवाइकांच्या देखत ती त्यांना म्हणाली, "अण्णा, जन्मभर आम्हाला शिकवलंस आणि शेवटी तूच कोयता चालवलास व्हय?" अण्णा हसले. "वय झालं बाय. हात चुकला." मी शेजारी नारळ धरून उभा होतो. नारळ धरूनच राहिलो. तेव्हापासून घरात कुणी काही चांगले वागू लागले की थट्टा होते, बघ हं, अण्णासारखं करशील. ही ती गोष्ट.

या उन्हाळ्यात मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ते बोटांनी चाचपून खवले चिकटवतात. कुणी मागत नाही, तरी करतात. आढ्याला शंभरेक तरी फळे टांगलेली. मी बसलो, पाणी प्यालो आणि आठ वर्षांनी खरे काय ते बोललो. त्यांचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय की दाजी," ते म्हणाले. "चीर उजव्या हाताची व्हती."

मग तेव्हाच का नाही बोललात, असे मी विचारले. त्यांनी एक खवला लावून झाल्यावर उत्तर दिले. "बोललो असतो तर तुमची नोकरी जाती. बाय रडत माज्या दारात येती. झाडाचं काय, त्येला परत फुटवा येतोय." मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावे तसे म्हणाले, "शेणमाती लावून आलतो म्या सातीला. सहा फुटल्या. एक न्हाई फुटली."

निघताना त्यांनी भिरंडाची वाळवलेली सोलं पुडीत बांधून दिली. कुठल्या झाडाची, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

काल बायकोने त्या सोलांचे सार केले. रंग सुरेख आला होता. वाटी पुढे ठेवत तिने विचारले, "कुणी दिली ही?" मी म्हणालो, अण्णांनी. तिने ओठ मुडपले. "झाडावरनं ओरबाडली असतील. आता काय, सुटलाच आहे तो."

मी वाटी खाली ठेवली. "पडलेलीच वेचलीत त्यांनी," मी म्हणालो. "तू जरा बस. हातातलं काम राहू दे."

ती बसली, पदराला हात पुसत, माझ्या तोंडाकडे बघत. मी हा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.